दाना लिसू, पन प्रार्थनाले येवाव नही

प्रश्न भुसावळच्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे. वडिलांची रेल्वेतली बदली झाली म्हणून ते कुटुंब झारखंडहून आलं. तिने निबंधात लिहिलं, ‘आमची मंडळी लूथरन आहे.’ शिक्षिका विचारतात: “लूथरन म्हणजे नक्की कोण? जगभर ते शाळा, दवाखाने, निर्वासितांची कामं करतात आणि त्याला ‘सेवा आणि साक्ष’ म्हणतात, असं वाचलं. पण ही सगळी मदत शेवटी धर्म बदलायला लावण्यासाठीच असते ना? राग मानू नका, सरळ विचारते.”

ताई, राग कसला. हा प्रश्न मला एसटीत, तलाठी कार्यालयात, लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय. बहुतेकदा तो इतक्या सरळपणे कुणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझ्याबद्दल. मी लूथरन नाही. नंदुरबार-नवापूरकडच्या आमच्या मंडळ्या (मंडळी म्हणजे एका ठिकाणचं चर्च, तिथला ख्रिस्ती समाज) शंभर वर्षांपूर्वी इथे आलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या मिशनऱ्यांचं बालपण लूथरन गावांत गेलं होतं, पण मिशनं स्वतंत्र होती. मी मात्र धर्मशास्त्र शिकलो ते चेन्नईच्या गुरुकुल लूथरन कॉलेजात. त्यानंतरची सव्वीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून काढली, आणि त्यातली बरीचशी मंडळीच्या मदतकार्याचा हिशोब सांभाळण्यात गेली. तुमचा शेवटचा प्रश्न या हिशोबाच्या वहीशीच येऊन भिडतो.

लूथरन म्हणजे मार्टिन लूथरची शिकवण मानणारे ख्रिस्ती. हा लूथर जर्मनीतल्या विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकवणारा मठवासी. त्या काळी पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं चर्चच्या नावाने पैसे घेऊन विकली जात. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. भांडण वाढत गेलं. १५३० मध्ये ऑग्सबर्ग इथे त्याच्या बाजूच्या लोकांनी २८ कलमांचा विश्वासाचा कबुलीनामा बादशहापुढे ठेवला. आजही लूथरन मंडळी ओळखायची ती त्या कबुलीनाम्यावरून. जगातल्या जवळपास दीडशे लूथरन चर्चचा एक महासंघ आहे. १९४७ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात तो स्थापन झाला आणि त्याची कचेरी जिनिव्हात आहे. त्यातल्या सभासदांची संख्या साडेसात कोटींहून जास्त भरते. काही लूथरन चर्च या महासंघाबाहेरही आहेत.

लूथरच्या शिकवणीचं मर्म आपल्या भागातल्या माणसाला मी कापसावरून सांगतो. आडत्याकडे कापूस नेला की वजन होतं, भाव लागतो आणि हातात पट्टी पडते. देवाशी असा व्यवहार होत नाही, एवढंच लूथरचं म्हणणं. पुण्य तोलून कृपेची पट्टी घेता येत नाही. कृपा फुकट आहे, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. मग सत्कृत्यं कशाला करायची? त्याचं उत्तर सोपं आहे: शेजाऱ्याला गरज आहे म्हणून. देवाला आपल्या चांगुलपणाची गरज नाही, शेजारच्या उपाशी माणसाला आहे. स्वर्गाची चिंता मिटलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे होतात आणि ते शेजाऱ्याच्या कामी येतात.

आता तुमचा प्रश्न या शिकवणीसमोर ठेवून बघा. १५१७ मध्ये पैसा देऊन कृपा विकत घेणं चुकीचं ठरलं. मग धान्य देऊन विश्वास विकत घेणं बरोबर कसं होईल? बाजार तोच राहिला, फक्त गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची अदलाबदल झाली. म्हणून जो कुणी दवाखान्याच्या औषधाला बाप्तिस्म्याची अट जोडतो, तो इतर कुणाच्या आधी लूथरच्या शिकवणीलाच तडा देतो. असं कधीच घडलं नाही असं मी म्हणणार नाही. दुष्काळात अन्नासाठी मंडळीत आलेले आणि पाऊस पडल्यावर परतलेले लोक भारतातल्या अनेक मिशनांच्या इतिहासात सापडतात, आणि त्यांना तसं आणणारेही सापडतात.

मदत कशी करावी याचा पहिला धडा मला गुरुकुलात एका पेटीच्या गोष्टीतून मिळाला. जर्मनीत लायस्निग नावाचं छोटं गाव आहे. १५२३ मध्ये तिथल्या मंडळीने गोरगरिबांसाठी सामाईक पेटी करायचं ठरवलं आणि त्या नियमावलीला लूथरने प्रस्तावना लिहिली. पेटी चर्चमधल्या सुरक्षित जागी ठेवायची. तिला चार वेगवेगळी कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, दुसरी नगरपरिषदेकडे, तिसरी गावातल्या रहिवाशांकडे, चौथी आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. कारभारी दहा: दोन सरदार, दोन परिषदेचे, तीन शहरी, तीन शेतकरी. दर रविवारी ११ ते २ बसून हिशोब करायचा. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना एक गोष्ट नीट कळली होती. दान देणाऱ्याचं मन कितीही साफ असो, किल्ली एकट्याच्या हातात गेली की पेटी त्याची होते.

हे मी परीक्षेत छान लिहिलं होतं. २०१३ च्या उन्हाळ्यात मात्र विसरलो.

दुष्काळाचं वर्ष होतं. पिंपळनेरच्या पश्चिमेला काही पाड्यांवर धान्य वाटायचं काम आमच्या एका कमिटीकडे आलं. घरटी गहू, तांदूळ, डाळ, तेल. यादी आमच्याच दोन माणसांनी केली आणि मी घाईत सही केली. टेम्पो पाड्यावर पोचला, नावं वाचली गेली, आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की यादीत जवळजवळ सगळी आपल्या मंडळीची घरं आहेत. कुणी मुद्दाम पाप केलं नव्हतं. यादी करणाऱ्यांनी ओळखीच्या घरांत चौकशी केली, आणि ओळखीची घरं म्हणजे मंडळीची घरं. गर्दीच्या कडेला एक म्हातारी उभी होती. पायात चप्पल नव्हती, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. ती पुढे आली आणि मला म्हणाली, “भाऊ, दाना लिसू, पन मी प्रार्थनाले येवाव नही. आतेच सांगी देस.” (दाणे घेईन, पण प्रार्थनेला येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.)

कुणीही तिला प्रार्थनेचं विचारलं नव्हतं. पण यादी बघून तिला जे कळायचं ते कळलं होतं. तो कागद अट बोलत होता, आम्ही तोंडाने कितीही गोड बोललो तरी. मी तिला म्हटलं, माय, गहू घे, बाकी काही मनात आणू नकोस. तिने घेतला. वाटप मात्र मी तिथेच थांबवलं. यादी करणारे दोघं चिडले, टेम्पोवाला भाड्यावरून कुरकुरला. पुढच्या तीन दिवसांत अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि मंडळीबाहेरच्या दोन बाया यांना घेऊन नवी यादी केली. गहू तेवढाच होता, घरं वाढली. प्रत्येकाच्या वाट्याला कमी आलं आणि आमच्याच मंडळीत काही महिने माझ्याशी अबोला राहिला.

त्या प्रसंगानंतर मी तंजावूरची गोष्ट जास्त मनापासून सांगू लागलो. मराठी माणसांना ती माहीत असायला हवी, कारण ती आपल्या भोसल्यांच्या घरातली आहे. १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन लूथरन, बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युटशाउ, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत उतरले. भारतातल्या प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात ती. त्याच मिशनमधला पुढचा माणूस क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. तंजावूरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या मुलाची काळजी श्वार्ट्झवर सोपवली. तो मुलगा म्हणजे सरफोजी. राजवाड्यातल्या भाऊबंदकीत मुलाचे हाल होऊ लागले तेव्हा श्वार्ट्झने धावपळ करून त्याला मद्रासला हलवलं आणि शिक्षणाची व्यवस्था लावली. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पुढे याच राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, छापखाना घातला, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. ते शेवटपर्यंत हिंदू राहिले. आणि याच राजाने आपल्या ख्रिस्ती गुरूसाठी लंडनहून संगमरवरी स्मारक घडवून आणलं. त्यात मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात धरून उभे असलेले सरफोजी कोरलेले आहेत. श्वार्ट्झ मिशनरी होता. आपला विश्वास त्याने लपवला नाही. पण मुलगा ख्रिस्ती झाला नाही म्हणून त्याचं शिक्षण थांबलं नाही, आणि प्रेमही आटलं नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग नुसती सेवाच करा ना, धर्माचं नावच कशाला? या प्रश्नाला सगळ्यांत जोरकस उत्तर इथिओपियाने दिलंय. तिथलं मेकाने येसूस चर्च १९५९ मध्ये राष्ट्रीय चर्च म्हणून उभं राहिलं. आज त्याचे सभासद एक कोटीहून जास्त आहेत आणि महासंघातलं ते सगळ्यांत मोठं चर्च आहे. १९७२ मध्ये या चर्चने युरोप-अमेरिकेतल्या देणगीदारांना एक पत्र लिहिलं. देणगीदार विहिरी, शाळा, दवाखाने यांना पैसा देत, पण मंडळीच्या स्वतःच्या कामाला हात आखडता घेत. इथिओपियाच्या लोकांनी कळवलं की माणसाचे असे दोन तुकडे करू नका. आमच्या माणसाला पोट आहे आणि आत्माही आहे. त्याच्या गरजा कोणत्या हे तुम्ही दुरून ठरवू नका. त्या चर्चचे सरचिटणीस गुदिना तुम्सा हे त्या विचाराचा कणा होते. १९७९ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना पळवून ठार मारलं. देशाबाहेर निघून जायची संधी असताना ते आपल्या लोकांना सोडून गेले नाहीत.

म्हणजे सेवा आणि साक्ष एकाच घरात राहतात, पण एक दुसरीची दलाल नाही. मला समजलं ते असं.

‘साक्ष’ हा शब्द आपण कोर्टात वापरतो तसाच घ्या. साक्षीदाराने जे पाहिलं ते सांगायचं, भीती असली तरी. निकाल देणं त्याचं काम नाही. लूथरन लोकांच्या इतिहासात ही साक्ष अनेकदा सत्तेपुढे द्यावी लागली. त्सिगेनबाल्गने तरंगंबाडीत एका गरीब विधवेची कर्जाच्या भांडणात बाजू घेतली, तेव्हा १७०८ मध्ये डॅनिश किल्लेदाराने त्यालाच चार महिने कैदेत टाकलं. किल्लेदार ख्रिस्ती, कैदी ख्रिस्ती, दोघांचा राजा एक. नॉर्वेत १९४२ मध्ये नाझींच्या हाताखालच्या सरकारने चर्चवर ताबा मिळवायचा प्रयत्न केला. तेव्हा बिशपांनी आणि पाठोपाठ बहुसंख्य पाळकांनी सरकारी पदांचे राजीनामे दिले. पगार गेला तरी मंडळीची सेवा चालू ठेवली. बिशप बेरग्राव युद्ध संपत येईपर्यंत नजरकैदेत होते.

नामिबियाची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. दक्षिण आफ्रिकेचा तिथला ताबा बेकायदा आहे असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितलं. लगेच लूथरन मंडळ्यांच्या कृष्णवर्णीय नेत्यांनी, बिशप लिओनार्ड आउआला आणि पाउलुस गोवासेब यांनी, दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांना उघडं पत्र लिहिलं आणि ते रविवारी मंडळ्यांतून वाचलं गेलं. पत्रात शिवीगाळ नव्हती. माणसाला कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कुणाला मत द्यायचं याचं स्वातंत्र्य नाही, एवढं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. १९७३ मध्ये ओनिइपा गावातला त्या चर्चचा छापखाना स्फोटाने उडवला गेला. त्यांनी तो पुन्हा बांधला. १९८० मध्ये पुन्हा उडवला. पुढे १९८४ मध्ये बुडापेस्टच्या महासभेत महासंघाने वर्णभेद नाकारायला तयार नसलेल्या दोन गोऱ्या लूथरन चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. आपल्याच घरातल्या माणसांना असं बाहेर थांबवणं सोपं नसतं.

या घराने केलेली पापंही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवीत. १५२५ मध्ये जर्मन शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले तेव्हा लूथरने शेवटी सरदारांची बाजू घेतली आणि बंडखोरांना कापून काढा असं लिहिलं. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या खाज्या नाईकांच्या सातपुड्यात राहून हे वाचताना माझा हात थरथरतो. म्हातारपणी त्याने ज्यू लोकांविरुद्ध जे विषारी लिहिलं, त्याचा नाझींनी पुरेपूर वापर केला. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चने १९९४ मध्ये ते लेखन जाहीरपणे नाकारलं. सोळाव्या शतकात लूथरन राज्यांत अॅनाबॅप्टिस्ट लोकांचा (लहान बाळांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा) छळ झाला, त्याबद्दल महासंघाने २०१० मध्ये स्टुटगार्टला त्यांच्या वारसदार मेनोनाइट मंडळींची क्षमा मागितली. आपल्याकडच्या दक्षिणेतल्या लूथरन मंडळ्यांत जातीनुसार वेगळं बसायची पद्धत कितीतरी काळ टिकली, आणि जात अजूनही चर्चच्या निवडणुकांत डोकं वर काढते. माझ्या मते हे शेवटचं दुखणं सगळ्यांत खोल आहे, कारण त्याची क्षमा मागायला कुणी मोठी सभा भरत नाही.

निर्वासितांच्या कामाचा उल्लेखही तुम्ही केलात. लूथरन लोक ते एवढं का करतात तेही सांगतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जगातल्या दर सहा लूथरनांपैकी एक जण स्वतः बेघर किंवा निर्वासित होता. १९४७ चा महासंघ उभा राहिला तोच त्या लोकांना अन्न, कपडे, छप्पर देण्याच्या गरजेतून. आज केनियातल्या काकुमा आणि दादाब छावण्यांत हा महासंघ काम करतो, आणि तिथले बरेचसे निर्वासित मुसलमान आहेत. जेरुसलेमच्या जैतून डोंगरावर ऑगुस्टा व्हिक्टोरिया हे त्यांचं रुग्णालय पॅलेस्टिनी कर्करुग्णांना किरणोपचार देतं. तिथे येणारेही बहुतेक मुसलमानच. बाप्तिस्म्याचा हिशोब मांडला तर हे सगळं काम तोट्याचं आहे. ते दशकानुदशकं चालू आहे, हे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर समजा. आमच्या अक्कलकुवा-धडगावकडची धरणाने उठवलेली गावं ज्याने पाहिली आहेत, त्याला घर सुटणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुमच्या वर्गातली मुलगी. ती बहुधा झारखंडकडच्या गोस्नर या लूथरन चर्चची असणार. १८४५ मध्ये बर्लिनहून निघालेले चार मिशनरी रांचीला पोचले. पाच वर्षं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. १८५० मध्ये चार उरांव पुरुषांनी बाप्तिस्मा घेतला. जमीनदारांच्या जाचाने गांजलेले उरांव आणि मुंडा लोक पुढे मोठ्या संख्येने आले. आपल्याकडे नंदुरबारात ज्यांची जयंती वाजतगाजत होते ते बिरसा मुंडाही लहानपणी चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकले आणि नंतर मिशनपासून दूर झाले. जमिनीच्या प्रश्नावर मिशन आपल्यासोबत पुरेसं उभं राहत नाही, असा राग तेव्हा अनेक मुंडांच्या मनात होता. तो राग खोटा नव्हता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना बाहेर काढलं तेव्हा आता ही मंडळी कुणाच्या तरी ओटीत टाकावी लागेल असं अनेकांना वाटलं. आदिवासी पुढाऱ्यांनी १० जुलै १९१९ रोजी आमचा कारभार आम्हीच बघू असं जाहीर केलं. त्या मुलीचे आजोबा-पणजोबा बहुधा त्या लोकांतले. तेव्हा तिला ‘परदेशी धर्माची’ म्हणणाऱ्या मुलांना ही तारीख सांगा.

भाषेबद्दलही थोडं. संथाळांमध्ये काम करणारा नॉर्वेचा लूथरन मिशनरी पाउल ओलाफ बोडिंग याने संथाळी भाषेचा पाच खंडांचा कोश केला. तो १९२९ ते १९३६ दरम्यान ओस्लोत छापला गेला. त्सिगेनबाल्ग तरंगंबाडीत उतरला तेव्हा गावच्या पंतोजींची शाळा आपल्या घरी भरवून मुलांबरोबर वाळूत बोटाने अक्षरं गिरवत बसला, आणि नऊ वर्षांत तमिळ नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छापून झाला. बाजारातला माणूस आणि घरातली आई जशी बोलते तसं देवाचं वचन बोललं पाहिजे, हा लूथरचा आग्रह त्यांच्या हाडात मुरलेला होता. आपल्या मंडळ्या यात कमी पडल्या असं मला वाटतं. अहिराणीत, मावचीत, पावरीत आम्ही गाणी म्हणतो, पण उपदेशाला उभं राहिलो की छापील मराठी सुरू होते. त्या म्हातारीने मला ज्या भाषेत सुनावलं, त्या भाषेत मी व्यासपीठावरून कधी बोललो नव्हतो. आता बोलतो. अडखळत का होईना.

शेवटी तुमच्या शंकेचं खरंखोटं कसं करायचं ते सांगतो. माझ्या शब्दावर जाऊ नका. जी कुठली संस्था, मग ती ख्रिस्ती असो की दुसरी कुठली, तुमच्या भागात मदत वाटते, तिची लाभार्थ्यांची वही मागा. त्यात आपल्या पंथाबाहेरची किती घरं आहेत बघा. यादी कुणी केली विचारा. मदत घेऊन परत कधीच न फिरकलेल्या माणसाला पुढच्या वर्षीही मिळाली का, हे शोधा. वही दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याबद्दल तुमची शंका योग्य आहे.

२०१३ नंतर आमच्या मदतपेटीला दोन कुलपं आहेत. लायस्निगसारखी चार नाही जमली. एक किल्ली आमच्या खजिनदाराकडे, दुसरी अंगणवाडीच्या बाईंकडे. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, दर वर्षी कानबाईचा रोट असला की आम्हालाच जेवायला बोलावतात. भुसावळहून सुरतच्या गाडीत बसलात की नवापूरला थेट उतरता येतं. वही आणि पेटी दोन्ही शनिवारी दुपारी उघडतो. येण्याआधी फक्त कळवा, कारण बाई माहेरी गेल्या असतील तर पेटी उघडत नाही.